जास्वंदीचा शेंडा आखडतोय? आधी उलगडून बघा

जास्वंदीची पानं का चुरडतात या प्रश्नावर वर दोघांनी ती खताच्या कमतरतेमुळे असं धरून शेणखत आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं सुचवली आहेत. पानं पिवळी पडत असतील तर ठीक, पण फक्त शेंड्याचीच पानं आखडून गुच्छ होत असेल तर तो आधी उलगडून बघा. आत कापसासारखा पांढरा थर आणि त्याखाली गुलाबी अंग दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. रस शोषताना त्याची लाळ झाडात जाते, त्यानेच शेंडा वेडावाकडा होतो. अशा वेळी नत्र (नायट्रोजनचं खत) दिलं तर कोवळी फूट वाढून त्याचंच फावतं.

नाशिककरांनी हे जास्त मनावर घ्यावं, कारण हाच गुलाबी पिठ्या द्राक्षावरही येतो. दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षबागेला लागून जास्वंद असेल तर तिच्यावर लक्ष ठेवाच. आखडलेले शेंडे कापून पिशवीत बंद करा, बांधावर टाकू नका. मुंग्यांचा बंदोबस्तही हवा. पिठ्याच्या गोड चिकट स्रावासाठी त्या त्याला राखतात आणि मित्रकीटकांना, म्हणजे पिठ्याला खाणाऱ्या कीटकांना, हुसकावतात. निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा. पण कळकळीची विनंती, त्या गर्दीत पांढऱ्या मेणचट झुपक्यांची, जरा मोठी आणि चपळ अळी दिसली तर मारू नका. ती क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी, पिठ्या हेच तिचं मुख्य खाणं. हा भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून मुद्दाम भारतात आणला गेला. ती अळी दिसली की फवारणी थांबवा.