दारं-चौकटींना घरी स्प्रे रंग केलाय का? अनुभव लिहा

केवडा: खालच्या मजल्यावर दारांना स्प्रे चाललाय. जिन्यात थिनरचा वास भरला आणि डोंबिवलीच्या घरी यायचे ते रंगारी मामा आठवले. आधी फरशीवर पाणी शिंपडायचे, धूळ उडू नये म्हणून. मग रद्दीवर एक फवारा मारून बघायचे. दार बिजागऱ्यांतून काढून स्टुलांवर आडवं, कडा आधी, सपाट भाग नंतर. गन सहा-आठ इंचांवरून सरळ जायची, टोकाला मनगट वळायचं नाही. त्या दारात अजून ट्यूबलाइटची रेघ सरळ दिसते!

रानमेवा: फवारणी पटकन होते हो, झाकाझाकीत जीव जातो. कड्या-कोयंडे काढूनच ठेवा. टेपवर भागवलं की कडेचा पापुद्रा निघतो.

कोकणचे तात्या: पावसाळ्यात लॅकर, म्हणजे थिनरमधला झटपट वाळणारा चकचकीत रंग, नको रे. हवेतला दमटपणा धरतो आणि पांढुरकं पडतं. आमच्या रंगाऱ्याने गणपतीआधी घाई केली, मग रिटार्डर (वाळणं लांबवणारं थिनर) घालून पुन्हा मारावं लागलं. चिपळूणला पाऊस कसा आहे? भाची निघालीय.

सुगरण: सकाळपासून धो धो. जपून यायला सांगा.

परदेशी पाखरू: न्यू जर्सीत जुनं घर घेतलंय. इथे 1978 आधीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो, म्हणून घासायच्या आधी तपासून घेतलं. बाळ रांगतंय. तिकडे काय नियम आहे?

केवडा: घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90) आत हवं, 2017 च्या नोव्हेंबरपासून. पण दारावरचे जुने थर त्याआधीचे! कोरडं घासूच नका, बाळाला लांब ठेवा.

आर्या: मास्क कुठला? करोनातले एन-95 पडलेत.

रानमेवा: त्याने धूळ अडते ताई, थिनरची वाफ नाही. कार्बनच्या डब्या लावलेला घ्या. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवापुढचा दिवासुद्धा नको. वाफ भपकन पेटते.

सुगरण: सासऱ्यांना दमा. म्हणून पाण्यातला इनॅमल घेतला नि त्यांना नणंदेकडे पाठवलं. चकाकी जरा कमी, पण घरी आल्यावर त्यांना त्रास झाला नाही, मला तेवढंच हवं होतं. जाड मारलं की ओघळ येतो. पातळ हात, वाळलं की 320 नंबरचा बारीक पॉलिशपेपर, परत हात.

कोकणचे तात्या: सागवान असेल तर रंगवू नका, हात जोडतो. पॉलिश करा.

केवडा: तात्या, अगदी! आमची फ्लश डोअर होती, प्लायची सपाट दारं.

आर्या: आमचीही. लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आधी की प्रायमर? कुकर लावलाय, येतेच.

रानमेवा: प्रायमर, मग लांबी, घासून पुन्हा प्रायमर. शिट्ट्या मोजा आधी 😄