थिनर, टर्पेंटाइन, स्पिरिट : ‘द्रावक’ कोणाला म्हणावे?

प्रश्न : रंगाच्या डब्यावरील सूचना मराठीत लिहिताना ‘थिनर’साठी ‘द्रावक’ (ज्यात दुसरा पदार्थ विरघळतो तो द्रव) हा शब्द योजावा काय? दुकानांत थिनर, टर्पेंटाइन आणि स्पिरिट ही नावे एकमेकांऐवजी सर्रास वापरली जातात, म्हणून शंका.

उत्तर : हे तीन शब्द समानार्थी नाहीत. ‘टर्पेंटाइन’ हे मुळात पाइन वृक्षाच्या चिकापासून ऊर्ध्वपातनाने काढलेल्या तेलाचे नाव आहे; आज हार्डवेअरच्या दुकानात त्या नावाखाली बहुधा पेट्रोलियमपासून बनवलेला, स्वस्त पर्याय मिळतो. ‘स्पिरिट’ म्हणजे पिण्यास अयोग्य केलेला मद्यार्क. ‘थिनर’ हे मात्र पदार्थाचे नाव नसून कामाचे नाव आहे : डिस्टेंपर पातळ करायला पाणी पुरते, ऑइलपेंटला टर्पेंटाइन लागते, चपडी लाखेच्या पॉलिशला स्पिरिट लागते, आणि लाकडावरच्या एनसी लॅकरला (नायट्रोसेल्युलोजच्या चकचकीत लेपाला) टोल्यूइन, एस्टर, अल्कोहोल अशांचे जे मिश्रण लागते त्यालाच सुतार नुसते ‘थिनर’ म्हणतात. हे शेवटचे थिनर जुन्या ऑइलपेंटवर फिरवले, तर रंगाला सुरकुत्या पडून तो पापुद्र्यासारखा उचलला जातो.

उपप्रश्न : मग फरशीवर वाळलेला ऑइलपेंटचा थेंब टर्पेंटाइनने का निघत नाही? ते त्याचे द्रावकच आहे ना?

उत्तर : ओल्या रंगाचे आहे, वाळलेल्याचे नाही. ‘वाळणे’ या एकाच क्रियापदाखाली आपण दोन वेगळ्या घटना झाकतो. ऑइलपेंटमधील तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून त्याचे रेणू एकमेकांत जखडले जातात, आणि हा बदल पुन्हा उलटत नाही. चपडीचे पॉलिश मात्र केवळ स्पिरिट उडून गेल्याने वाळते, म्हणून वर्षांनंतरही त्याच स्पिरिटात विरघळते. पॉलिश केलेल्या जुन्या सागवानी टेबलावर सॅनिटायझर सांडले की तिथली चकाकी जाते, ती यामुळेच. (रॉकेलने तसे होत नाही, कारण लाख त्यात विरघळत नाही; पण वास दोन दिवस जात नाही.)

जाता जाता, ‘थर्माकोल अ‍ॅसिटोनमध्ये वितळतो’ असे पाठ्यपुस्तकी मराठीतही वाचायला मिळते. वितळायला उष्णता लागते. इथे ती नाही, म्हणून ‘विरघळतो’ म्हणावे. नेलपॉलिश काढायला वापरतात तेच हे अ‍ॅसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळते आणि पाण्यात पूर्णपणे मिसळते. टर्पेंटाइन साधारण दीडशे अंशांच्या पुढे उकळते आणि पाण्यावर तरंगते. अ‍ॅसिटोनची वाफ तर कडाक्याच्या थंडीतही ठिणगीने पेटू शकते, त्यामुळे डब्यावर नुसते ‘द्रावक वापरा’ छापणे धोक्याचेही आहे. ‘पातळ करण्यासाठी :’ एवढे लिहून पुढे नेमक्या पदार्थाचे नाव द्यावे.