मदत हवी आहे: भावाची मानसिक आजाराची औषधं तालुक्यातच मिळण्यासाठी कुठे अर्ज करावा?

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधं नियमित असली की तो गुरांचं सगळं बघतो, दूध डेअरीला घालून येतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक आमच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकदा यायचं, गोळ्या तिथेच मिळायच्या. चार महिन्यांपासून पथक आलेलं नाही. रुग्णालयात विचारलं की जिल्ह्याला जा म्हणतात, जिल्ह्याला गेलं की तालुक्याला विचारा म्हणतात. जायला-यायला अख्खा दिवस मोडतो, आणि गर्दीच्या एसटीत तो फार घाबरतो. मागच्या महिन्यात गोळ्या पुरवायच्या म्हणून आई ब्लेडने अर्ध्या करून देत होती. आठवड्याभरात त्याची झोप उडाली, रात्रभर अंगणात येरझारा. (असं कोणी करू नका, आम्हाला डॉक्टरांनी नंतर समजावलं.)

14416 या टेलिमानसच्या (सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) नंबरवर बोललो. फार आपुलकीने ऐकून घेतलं त्यांनी, पण गोळ्या शेवटी हातात पडायला हव्यात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 18 प्रमाणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवा मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. मग लेखी अर्ज नेमका कोणाकडे करायचा, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे की जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे? आशाताईंमार्फत औषधं घरपोच किंवा उपकेंद्रात मिळवलीत का कोणी? अर्जाचा नमुना असेल तर कृपया द्या. आता जेमतेम नऊ दिवसांच्या गोळ्या उरल्यात.