'माफ करणं', 'पोटात घालणं' आणि 'सोडून देणं' यात नेमका फरक काय?

एक शंका आहे, जाणकारांनी मदत करा. एका जुन्या मैत्रिणीने माझी अगदी खासगी गोष्ट चारचौघांत बोलून टाकली होती, त्याचा पुढे बराच त्रास झाला आणि आमचं बोलणंच बंद झालं. आता इतक्या काळाने तिचा मेसेज आलाय, 'माझं काही चुकलं असेल तर माफ कर'. उत्तर काय लिहावं यावर अडलंय. 'माफ केलं' लिहिलं तर मी कोण मोठी लागून गेले असं वाटतं, 'जाऊ दे गं' लिहिलं तर जे झालं ते काहीच नव्हतं असं होतं आणि 'सोडून दिलं' म्हटलं तर तिलाच सोडून दिल्यासारखं वाचलं जातं. राग उरला नाहीये पण पहिल्यासारखं होणार नाही, एवढंच म्हणायचंय. याला एक शब्द आहे का?

* * *

शब्दाचं नंतर बघू, आधी ते 'असेल तर' बघा. चुकलं की नाही हे ठरवायचं काम परत तुमच्याच गळ्यात. 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द पुरतात हो, पण तेच जिभेवर येत नाहीत. 'दिलगिरी'चंही तसंच, फारसीत दिलगीर म्हणजे खिन्न, उदास. म्हणजे दिलगिरी व्यक्त केली याचा अर्थ मला वाईट वाटलं इतकाच, चूक कबूल केलीच असं नाही, म्हणूनच खुलासे आणि पत्रकं काढणाऱ्यांचा तो लाडका शब्द आहे.

* * *

'पोटात घालणं' इथे चालणार नाही. ते लहानाने मोठ्याला म्हणायचं, 'लेकराची चूक पोटात घाला'. बरोबरीच्या मैत्रिणीला कोण म्हणेल? शिवाय त्यात नातं पुढे चालूच राहणार हे गृहीत धरलेलं असतं, आणि झाल्या गोष्टीचा परत उच्चारही करायचा नाही. मला तर हा शब्द थोडा धोक्याचा वाटतो, कारण पोटात घालणारं माणूस घरोघरी ठरलेलं असतं आणि चुका करणारंही ठरलेलंच असतं.

* * *

क्षमा आणि माफी आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो पण दोन्हीची मुळं बघितली तर ताईंचा अर्धा प्रश्न सुटेल असं वाटतं. 'क्षम्' या धातूचा अर्थ सहन करणं आणि समर्थ असणं, दोन्ही. क्षमता, सक्षम हे त्यातलेच, आणि पृथ्वीलाही क्षमा म्हणतात कारण ती सगळं सोसते. मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगात 'योगी पावन मनाचा, साही अपराध जनाचा' आहे ना, तिथे 'साही' म्हणजे सोसतो. तिथे समोरच्याने माफी मागितलीय का, तर नाही, अपराध करणाऱ्यांचा पत्ताही नाही, सगळं बोलणं रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांशी चाललंय. म्हणजे क्षमा ही आपली आपण करायची गोष्ट झाली.

'माफ' हा अरबी 'मुआफ'वरून आलेला, सूट दिलेला, मोकळा केलेला. फी माफ, शिक्षा माफ, कर्जमाफी यात तो अजून जसाच्या तसा आहे. आणि कर्ज माफ झालं म्हणून बँक त्याच माणसाला उद्या नवीन कर्ज देईलच असं थोडंच आहे? जुना हिशोब मिटला, पुढचा व्यवहार वेगळा. त्यामुळे 'माफ केलं' लिहून लांब राहण्यात मला तरी काही विसंगती दिसत नाही.

* * *

बँकेचं पटलं :) पण खरं सांगायचं तर तिच्यावरचा राग गेला तरी माझा माझ्यावरचा जात नाहीये. हिला सांगितलंच का, इतकं कसं कळलं नाही, तेच तेच डोक्यात. लोक म्हणतात आधी स्वतःला माफ कर. ते मराठीत कानाला खटकतं का कोणाला?

* * *

खटकतं, आणि इथे तर चुकीचंही आहे. माफ करायला आधी गुन्हा लागतो. मैत्रिणीवर विश्वास ठेवला यात तुमचा गुन्हा कुठला? याला मराठीत 'स्वतःला बोल लावणं' असा चांगला वाक्प्रचार आहे, तर बोल लावणं थांबवा म्हणावं. खरोखर आपल्या हातून कोणाचं वाईट झालं असेल तर मन खातं, टोचणी लागते, ते वेगळं. त्यासाठी जुना शब्द होता प्रायश्चित्त, आणि त्यात काहीतरी करावं लागायचं, नुसतं आरशात बघून 'मी मला माफ केलं' म्हणून भागत नव्हतं. कर्मकांड सोडून द्या, पण ज्याचं नुकसान झालं त्याला जमेल तेवढं भरून द्यावं आणि मग मोकळं व्हावं हा क्रम बरोबर होता.

* * *

थोडं अवांतर, पण मानसशास्त्रात माफीचे दोन भाग करतात. एक ठरवून केलेली, म्हणजे मी सूड घेणार नाही, नीट वागेन असा निर्णय, आणि दुसरी मनातून झालेली, म्हणजे कडवटपणा खरंच ओसरतो. पहिली एका दिवसात होऊ शकते, दुसरीला कितीही वेळ लागतो आणि ती पहिलीच्या मागोमाग येईलच असं नाही. आपण 'माफ केलंय गं पण मनातून जात नाही' म्हणतो ते हेच. ही फोड मांडणारे एव्हरेट वर्दिंग्टन हे अमेरिकन संशोधक, माफी हाच त्यांचा अभ्यासाचा विषय, आणि 1995 संपता संपता त्यांच्या आईचा घरात खून झाला. मारणाऱ्याला त्यांनी माफ केलं. पण पुढे 2005 मध्ये भावाने आत्महत्या केली तेव्हा आपण त्याला मदत करायला कमी पडलो याचं स्वतःवरचं ओझं उतरायला त्यांना कितीतरी जास्त काळ लागला, त्यावर त्यांनी नंतर पुस्तकही लिहिलंय. जन्मभर याच विषयात राहिलेल्या माणसाचं असं, तर ताई तुम्ही स्वतःला घाई करू नका.

* * *

एका शब्दाचा हट्ट कशाला, 'तुझ्यावर राग नाही' लिहा आणि थांबा. पुढे 'पण' लावलात की ती त्या पणवरच भांडत बसेल.

* * *

उलट बाजूचे शब्दही बघायला हवेत, कारण ते आपण एकाच मापाने मोजतो. डूख धरणारा परतफेडीची वाट बघत असतो, सापासारखा. आकस असलेला मुद्दाम वाट बघत नाही पण संधी मिळाली तर काम अडवतो. अढी असली की माणूस नुसता लांब राहतो, आणि किंतु सगळ्यात सौम्य, संस्कृतातला किंतु म्हणजे 'पण'च, बोलणं चालणं सगळं होतं पण आत कुठेतरी अडतं. ताईंनी लिहिलंय त्यात डूख नाही, आकस नाही, फार तर थोडा किंतु आहे. तेवढा राहिला तर माफ केलंच नाही असं कोणी म्हणत असेल तर मला ते मान्य नाही.