जोडीनं मैफली आणि रविवारची भटकंती, पुण्यात : तुमचे अनुभव, तुमच्या युक्त्या

खरज
सवाईचे दिवस जवळ आले की रमणबागेचं मैदान आठवतं. तो मांडव, त्या सतरंज्या, मध्यंतरातली खाण्याच्या स्टॉलवरची गर्दी. १९५३ मध्ये भीमसेनजींनी (पं. भीमसेन जोशी) गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा शास्त्रीय संगीताचा उत्सव २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो. यंदा पहिल्यांदाच जाणाऱ्या जोड्या बऱ्याच दिसताहेत, म्हणून हा धागा. मैफल, नाटक, गड, टेकडी, काहीही चालेल. कुठे बसायचं, काय न्यायचं, परत कसं यायचं ते नीट लिहा.

माझ्याकडून एक. भारतीय बैठकीला नुसती चादर पुरत नाही. जाड शाल किंवा ब्लँकेट घडी घालून चार-पाच बोटं उंच करा आणि बुडाखाली घ्या, पाठीमागे नाही. गुडघे कमरेच्या खाली राहिले की पायाला मुंग्या येत नाहीत आणि पाठही ताठ राहते. दोघांसाठी दोन घड्या.

पेठेतली
मैदान उघडं आहे हे विसरू नका गं कोणी. दुपारी ऊन आणि आठनंतर जमिनीतून गारठा. सतरंजीखाली प्लास्टिक किंवा योगा मॅट हवीच. स्वेटर आधीपासून पिशवीत. कानटोपी टाळा, वरच्या पट्टीतलं बारीक काम ऐकू येत नाही तिच्यात. मफलर मानेला.

मुळामुठा
शनिवारचं सत्र मध्यरात्रीपर्यंत चालतं ना? इतर दिवशी दहाला संपतं मग शनिवारीच कसं?

खरज
@मुळामुठा, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून ठरावीक दिवसच, जास्तीत जास्त १५, सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्यातला एक सवाईच्या शनिवारी वापरतात. म्हणून शनिवारी मेट्रोच्या भरवशावर राहू नका. बाकी दिवशी स्वारगेट स्टेशन जवळ आहे, रिक्षानं दहा मिनिटं. शनिवारी गाडी न्यायची तर मैदानाला चिकटून लावू नका, दोन गल्ल्या लांब लावा. सगळे एकदम बाहेर पडतात तेव्हा फाटकाजवळची गाडी सर्वांत शेवटी निघते.

जव्हारी
चहाला कधी उठायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते. विलंबित (संथ लयीतलं गाणं) सुरू झालं की उठू नका. किराणा घराण्याच्या गायकीत विलंबित एकतालाचं एक आवर्तन (तालाची एक पूर्ण फेरी) पाऊण-एक मिनिटाचं असतं, बढत, म्हणजे रागाचा हळूहळू विस्तार, अर्धा-पाऊण तास चालते. त्यात रांगेतून वाट काढत गेलं की दहा जणांचा रस जातो. राग संपून तबला पुन्हा मिळवायला (सुरात लावायला) घेतात, तेव्हा उठा. थंडीत तबल्याच्या पुड्या (वरचं कातडं) आणि तानपुऱ्याच्या तारा दोन्ही उतरतात-चढतात, त्यामुळे मिळवणं लांबतं, तेवढ्यात चहा होतो.

आणि तानपुऱ्याकडे कान द्या. पहिली तार एरवी पंचमाला (प) असते. ती मध्यमाला (म) उतरवली तर मालकंसासारखा पंचम वर्ज्य असलेला राग येतोय असं समजा. निषादाला (नी) लावली तर बहुतेक मारवा. एकानं तार ओळखायची, दुसऱ्यानं राग, असं जोडीनं ऐकायला फार मजा येते. आणि शेवटची भैरवी लागली की चपला शोधायला जाऊ नका, प्लीज. तेवढं तरी शेवटपर्यंत ऐका.

पेठेतली
@जव्हारी ताई, किती छान लिहिलंत! मध्यमाचं माहीतच नव्हतं.

तिसरीघंटा
नाटकवाल्यांसाठी. साडेबाराचा किंवा साडेपाचचा प्रयोग घ्या. रात्रीचा साडेनऊचा सुटायला साडेबारा होतात, तोवर मेट्रो बंद. बालगंधर्व रंगमंदिराला संभाजी उद्यान स्टेशनवरून चालत जाता येतं, पार्किंगसाठी जंगली महाराज रस्त्यावर घिरट्या घालायची गरज नाही. तिकीट काढताना बाल्कनीच्या छपराखालच्या शेवटच्या रांगा टाळा, तिथे आवाज दबतो. मधल्या पट्ट्यात सहावी ते बारावी रांग उत्तम. पहिल्या दोन रांगांत मान वर करून बसावं लागतं आणि रंगमंचाच्या मागचा भाग दिसत नाही. प्रायोगिक बघायचं असेल तर शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच. जागा लहान आहे, वेळेआधी पोचा.

साडेबाराच्या प्रयोगाआधी पाताळेश्वर बघून घ्या, त्याच रस्त्यावर. आठव्या शतकातलं कोरीव लेणं, नंदीचा गोल मंडप अख्ख्या दगडातला. बरेच पुणेकर रोज समोरून जातात आणि आत पाऊल टाकत नाहीत.

बासगिटार
मोठ्या लॉनवरच्या रॉक, बॉलिवूड कॉन्सर्टबद्दल: स्टेजला चिकटू नका. साउंडवाल्याचं कन्सोल मैदानाच्या मध्यावर असतं, तो तिथे ऐकून आवाज बसवतो, म्हणून त्याच्या आसपास सगळ्यांत चांगलं ऐकू येतं. अगदी पुढे सबवूफरचा दणका छातीत बसतो आणि गायकाचे शब्द हरवतात. फोमचे इअरप्लग खिशात ठेवा, दोघांचे.

गर्दीत नेटवर्क बसतं. तिकिटाचा क्यूआर घरूनच स्क्रीनशॉट काढून दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. चुकामूक झाली तर भेटायची जागा आत शिरतानाच ठरवा, 'गेटजवळ' नव्हे, 'पाण्याच्या टाकीची डावी बाजू' असं. सुटल्यावर कॅब गेटवर बोलावू नका, भाडं दुप्पट आणि गाडी पोचतही नाही. एक किलोमीटर चालत मुख्य रस्त्याला या, मग बुक करा.

मुळामुठा
आणि दुसऱ्या दिवशी सिंहगड 😀 जमतं का हो?

टेकडीवाला
जमतं, पण रविवारी सकाळी आठनंतर घाटरस्ता तुंबतो. गाडी नेणार असाल तर पहाटे साडेपाचला शहर सोडा, नऊपर्यंत खाली. चढून जायचं असेल तर पायथ्याच्या आतकरवाडीतून, सवयीच्या माणसाला तास, नवख्यांना दीड. दोघांत मिळून तीन लिटर पाणी. पावसाळ्यात पायवाटेवरचे दगड शेवाळतात, गुळगुळीत तळाचे बूट घालून येणारे उतरताना घसरतात. चढताना नाही, उतरताना. टाच आधी टेकवू नका, पाय आडवा ठेवून उतरा.

वर पिठलं-भाकरी घेताना भाकरी समोर थापून देणाऱ्या मावशींकडेच बसा. आधी करून ठेवलेली वातड होते. शेवटी मडक्यातलं दही.

मैफलीची रात्र जागून लगेच गड नकोच म्हणेन मी. त्यापेक्षा पर्वती, १०३ पायऱ्या, अर्ध्या तासात वर-खाली.

जव्हारी
पर्वतीला +१. शनिवारी जागलेल्यांनी रविवारी आरामात उठावं, सवाईचं सत्र दुपारीच सुरू होतं.

पेठेतली
मावशी तांदळाची भाकरी पण देतात का? यांना ज्वारी चालत नाही.

टेकडीवाला
काही झोपड्यांत मिळते ताई, बसायच्या आधी विचारून घ्या. नाहीतर कांदाभजी आहेतच.

बासगिटार
योगा मॅट किती जाडीची घ्यावी? सहा मिलिमीटर पुरेल का सवाईला?

पेठेतली
पुरते. वर सतरंजी घाला म्हणजे सरकत नाही.