मदत हवी आहे: सिकलसेलच्या घाबरट पेशंटची दाढ काढायची आहे

नमस्कार. नंदुरबार, शहादा, धुळे भागातल्या दंतवैद्यांना आणि भूलतज्ज्ञांना विचारते आहे.

पेशंट 24 वर्षांची, सिकलसेल आजार (एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला), खालची अक्कलदाढ काढायची आहे. सुई पाहिली की खुर्चीतून उठते. मिडाझोलामची (गुंगीच्या औषधाची) गोळी मला नको वाटते. एकदा पोटात गेली की डोस हाताशी राहत नाही, आणि श्वास मंदावून ऑक्सिजन उतरला तर रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यात उपाशी ठेवलं तर अंगातलं पाणीही कमी होतं.

म्हणून नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे नाकावरच्या मास्कमधून हुंगायला देतात त्या भीती घालवणाऱ्या वायूचा, विचार आहे. आधी निव्वळ ऑक्सिजन, मग मिनिटा-मिनिटाने नायट्रस 10 टक्के वाढवत 30 ते 40 पर्यंत, शेवटी 5 मिनिटं पुन्हा ऑक्सिजन. बोटाला पल्स ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र) कायम. तिचा नेहमीचा आकडा आधी लिहून ठेवणार, कारण सिकलसेलमध्ये तो मुळातच कमी दिसू शकतो. एसी बंद, अंगावर चादर. थंडीनेही कळा सुरू होतात.

अडचण अशी: नायट्रस बी-12 निकामी करतो. एकाच बैठकीसाठीही रक्तातलं बी-12 आधी तपासता का? दाढ बधिर करायच्या लिग्नोकेनसोबत अॅड्रेनलिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) 1:80,000 घेता की 1:2,00,000? आणि रडून नाक बंद झालं तर नाकावरचा मास्क काहीच कामाचा नाही, तेव्हा काय करता?

शिरेतून मिडाझोलाम द्यायचीच वेळ आली, तर फ्लुमाझेनिल (तिचा उतारा) जवळ ठेवून दवाखान्यात येणारे भूलतज्ज्ञ शहाद्यात आहेत का? नायट्रसचे निळे सिलिंडर वेळेवर कुठून मिळतात, तेही कळवा.