रविवारचे फासे (डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या कथा-खेळाचा ग्रुप): विंचवाचा निकाल

रविवार, रात्री ११:४०

बंड्या: दादा, झोपलास का? मला तर झोप येत नाहीये. सात महिने सांभाळलेला माझा क्लेरिक (पुजारी पात्र) एका नांगीत गेला. एक डंख, एक सेव्ह (वाचण्यासाठीची फाशाची फेक), खल्लास. हा कुठला नियम ते ग्रुपवर लिही, सगळ्यांना कळू दे.

दादा: जागा आहे. नियम २०२४ चेच आहेत. विंचू तेवढा जुना.

बंड्या: म्हणजे काय?

दादा: दुसऱ्या आवृत्तीतला राक्षसी विंचू घेतला आणि आकडे बदलले. एसी (कवचाचा आकडा) ३ होता, वीसातून वजा करून १७. थॅको (वार लागण्याचा जुना आकडा) १५, वीसातून वजा करून +५. विष होतं तसंच ठेवलं.

ताई: होतं तसंच म्हणजे सेव्ह चुकला की मेला?

दादा: हो. वाळवंट आहे, बाग नाही.

बंड्या: आधी सांगायचं होतंस ना. मी पुढे गेलोच नसतो.

दादा: पुढे जायला मी सांगितलं नव्हतं.

मामा: पाण्याचा हिशेब कोण ठेवतंय? मागच्या रविवारीही विचारलं होतं.

वहिनी: मामा, एवढ्या रात्री पाणी काय! सकाळी बोलू. बंड्या, वाईट वाटलं रे. झोप आता.

बंड्या: आणि माझे निळे फासे कोणाकडे गेले तेही सांगा. पटावरच राहिले होते.

सोमवार, सकाळी ७:५५

छकुली: मी आत्ता वाचलं सगळं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर आणि बंड्यादादाचं बिऱ्हाड नांगीवर 😂

बंड्या: हसू नकोस. तुझी रेंजर मेली होती तेव्हा मी दोन दिवस तुझ्याशी नीट बोलत होतो.

छकुली: सॉरी रे. खरंच सॉरी.

ताई: मी रात्री दोन्ही पुस्तकं समोर घेऊन बसले होते. लांब लिहितेय, पण सगळ्यांनी वाचा.
जुना राक्षसी विंचू: एसी ३, हिट डाइस (जीव ठरवणारे फासे) ५+५. पाच डी८ (आठ बाजूंचे फासे) अधिक पाच, म्हणजे सरासरी २७-२८ एचपी (जीवाचा आकडा). विषाचा सेव्ह चुकला की मरण.
२०१४ च्या पुस्तकातला तोच विंचू: एसी १५, एचपी ५२. दोन चिमटे, एक डंख. विषाला डीसी १२ चा (म्हणजे १२ गाठायचे) कॉन सेव्ह, कॉन म्हणजे काटकपणा, चुकला तर ४डी१० (दहा बाजूंचे चार फासे) नुकसान, सरासरी २२. जमला तर निम्मं.
नव्या नियमांत सगळ्यांचं फाशात मिळवायचं +किती ते सावकाश वाढतं. म्हणून राक्षसाचं कवच फार चढवत नाहीत, जीव वाढवतात. लागू दे, पण टिकू दे, असा हिशेब. वीसातून वजा केलं की आकडा मिळतो, राक्षस मिळत नाही. अरे, तुझा विंचू जुनाही नाही आणि नवाही नाही. त्याला १७ चं कवच आहे, २७ चा जीव आहे आणि वर मरणाचं विष आहे.

दादा: वीसातून वजा ही रीत सगळेच वापरतात.

ताई: वापरू देत की. कवचाला चालते. विषाला चालत नाही.

मामा: पाण्याचा हिशेब?

दादा: मामा, एक मिनिट. ताई, विषाला का चालत नाही ते सांग. मी मुद्दाम कोणाला मारायला बसलेलो नाही.

ताई: बंड्याचा क्लेरिक सातव्या लेव्हलचा. जुन्या नियमांत सातव्या लेव्हलच्या क्लेरिकला विषाच्या सेव्हला वीस बाजूंच्या फाशावर ७ किंवा जास्त लागायचे. म्हणजे वीसपैकी चौदा बाजूंवर तो वाचायचा. तिथे लेव्हल वाढली की सेव्ह आपोआप सुधारायचा, आणि विषाच्या बाबतीत क्लेरिक तर सगळ्यांत पुढे असायचा. म्हणून ते मरणाचं विष त्या पटावर खपून जायचं.
तू डीसी किती ठेवलास?

दादा: १५.

ताई: त्याचा कॉन +१. क्लेरिकला नव्या नियमांत विझडम आणि करिश्माच्या सेव्हला प्रोफिशियन्सी (तरबेजपणाची बेरीज) असते, कॉनला नसते. म्हणजे त्याला १४ किंवा जास्त पाहिजे होते. वीसपैकी सात बाजू. जुन्याच्या बरोबर निम्म्या. विष तसंच राहिलं, पण त्याच्यापासून वाचवणारी ढाल मागे राहिली.

वहिनी: बाप रे.

बंड्या: मी काल हेच म्हणत होतो!

वहिनी: तू काल म्हणत होतास की दादाने फासा टेबलाखाली टाकला.

बंड्या: ते रागात म्हणालो.

दादा: मी फासे सगळ्यांसमोर टाकतो. हे मी विसरणार नाही, बंड्या.

बंड्या: सॉरी म्हटलं ना.

दादा: कुठे म्हटलंस? वर जाऊन बघ.

(हा मेसेज डिलीट केला आहे)

ताई: दोघं थांबा.

दादा: ताई, सातच बाजू आहेत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मान्य. पण माझंही ऐका. ५२ एचपीचा विंचू म्हणजे दोन राउंड ठोकायचं पोतं. तुम्ही हसत हसत ठोकता आणि पुढे जाता. मला वाळवंटात भीती पाहिजे. वाळू हलली की तुमचे हात थांबले पाहिजेत. ती भीती पुस्तकातल्या विंचवाने येत नाही म्हणून मी जुना काढला. ज्यांना डीएम (खेळ चालवणारा) व्हायचं असेल त्यांनी खुशाल व्हावं.

वहिनी: असं नको बोलूस. कोणी तसं म्हटलं नाहीये.

मामा: पाण्याचा हिशेब. पाण्याचा हिशेब. पाण्याचा हिशेब.

दादा: मामा, पाण्याचं एवढं काय आहे? वहिनी रोज पाणी काढते. संपतच नाही.

मामा: तेच तर आहे! म्हणून मी घसा फोडतोय. आपण उन्हात माणशी दोन गॅलन धरतो, २०१४ च्या नियमाप्रमाणे. आपण पाच जण. दिवसाला दहा गॅलन. आणि वहिनीच्या ड्रुइडचा पहिल्या लेव्हलचा पाण्याचा स्पेल किती देतो?

वहिनी: दहा गॅलन.

मामा: बरोब्बर दहा. पाच जणांचं अख्ख्या दिवसाचं पाणी, आणि खर्च सगळ्यांत छोटा एक स्लॉट (दिवसाच्या मोजक्या मंत्रांपैकी एक). वाळवंटाची तहान पहिल्याच सकाळी संपली. तहान संपल्यावर डीएमकडे उरतं काय? विष. म्हणून त्याने विष वाढवलं. पोराची चूक नाही.

दादा: मामा 🙏

वहिनी: म्हणजे आता माझं चुकलं? मी स्पेल घेतला म्हणून तुम्ही जिवंत होतात.

मामा: तुझं काही चुकलेलं नाही गं. तू चांगली खेळतेस.

वहिनी: नाही, मला तसंच वाटलं.

सोमवार, दुपारी १:२०

छकुली: पुढच्या वेळी ममी पण येणार आहे ना? थडग्यातली?

वहिनी: मम्मी? मला बोलावलं का कोणी?

बंड्या: 😂😂

छकुली: वहिनी, तुम्ही आलात तर आम्ही सगळे फ्रायटन्ड.

दादा: ममी येणार आहे. तिचा शाप आधीच सांगून ठेवतो म्हणजे परत रात्री बारा वाजता मेसेज यायला नकोत. २०१४ ची ममी: ठोसा लागला तर डीसी १२ चा कॉन सेव्ह. चुकलात तर एचपी भरून निघत नाहीत आणि दर चोवीस तासांनी कमाल एचपी ३डी६ ने उतरत जातात, शाप काढेपर्यंत.

ताई: हेच बघ ना. हे विष नाही, पण भीती किती आहे! माणूस उभा आहे, चालतोय, आणि रोज थोडा थोडा संपतोय. आणि तो वाळवंटात आहे, गाव लांब. एका फाशावर मारलंस तर खेळाडू उठून जातो. दिवस मोजायला लावलंस तर तो खुर्ची पुढे ओढून बसतो.

मामा: दिवस मोजा आणि पाणीही मोजा.

बंड्या: मग विंचवाचं काय करायचं?

ताई: विष एग्झॉशनवर (थकव्याच्या पातळ्यांवर) न्या. २०२४ मध्ये एग्झॉशन सोपं झालंय. दर पातळीला डी२० च्या (वीस बाजूंच्या फाशाच्या) प्रत्येक फेकीतून २ वजा, वेग ५ फुटांनी कमी, सहाव्या पातळीला मरण. लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेतली की एकच पातळी उतरते. २०१४ च्या तक्त्यात तिसऱ्या पातळीलाच माणूस कामातून जायचा, हल्ला आणि सेव्ह दोन्ही डिसॲडव्हांटेजवर (दोन फाशांतला कमी धरायचा). त्यामुळे डीएम ते वापरायलाच घाबरायचे. आता पायरी पायरीने चढवता येतं.
माझा विंचू असा: एसी १५, एचपी ५२, पुस्तकातलाच. डंख: डीसी १२. चुकला तर ४डी१० आणि एग्झॉशनची एक पातळी. जमला तर निम्मं नुकसान, पातळी नाही.
दोन डंख चुकले की -४ आणि १० फूट कमी. वर ऊन आहेच: पाणी नसेल तर दर तासाला कॉन सेव्ह, डीसी ५ पासून, तासागणिक एकने वर. त्या सेव्हलाही तेच -४ लागतात. म्हणजे विंचू मेला तरी त्याचं विष दुपारी दोनपर्यंत तुमच्या मागे येतं.

दादा: हे आवडलं. खूप आवडलं.

बंड्या: पण एक. ते -२ डी२० ला लागतात. वहिनीच्या स्पेलचा डीसी तसाच राहतो. म्हणजे आम्ही तलवारवाले लंगडत चालणार आणि ती आरामात.

वहिनी: घ्या. परत मीच.

बंड्या: नियम सांगतोय, तुम्हाला नाही बोललो.

वहिनी: कॉन्सन्ट्रेशनचा (चालू स्पेल टिकवण्याचा) सेव्ह मलाही -२ नेच टाकावा लागतो, बंड्या. तो नियम पण सांगायचा.

बंड्या: बरोबर. ते राहिलं.

मामा: स्पेलचं मी सांगतो. पाणी काढू दे तिला. पण ते उघड्या भांड्यात पडतं किंवा पावसासारखं. भांडी किती आहेत आपल्याकडे? पखाली किती? कोणी लिहिलंय? नांगी पखालीत घुसली तर? दादा, राक्षसांना माणसं मारायला सांगू नकोस, पखाली फोडायला सांग. मग तीच दहा गॅलन दुसऱ्यांदा काढावी लागतील आणि रात्रीसाठी स्लॉट उरणार नाही.

दादा: मामा, हे तुम्ही तीन आठवडे म्हणत होतात का?

मामा: तीन आठवडे.

दादा: मला वाटायचं तुम्ही वहीबद्दल बोलताय.

मामा: वहीबद्दलच बोलतोय. वहीत लिहिलं नाही तर फुटलेली पखाल कळणार कशी?

सोमवार, रात्री ९:०५

छकुली: बेलगोई कधी येणार? दादा, तू म्हणाला होतास.

दादा: आणायचाय. डार्क सन या खेळ-संचातला राक्षस, १९९१ च्या अथासच्या जगातला. त्याचंच अडलंय. जुन्या नियमांत त्याची ओढ सायॉनिक्सवर (मनाच्या शक्तीवर) चालायची, पॉइंट मोजत. नव्या नियमांत ती व्यवस्थाच नाही. नुसता चार्मचा स्पेल लावला तर तो कोणीही जादूगार वाटतो.

ताई: पॉइंट सोडून दे. बेलगोई म्हणजे काय ते आठव. रात्र, तळ, सगळे झोपलेले, आणि लांबून घंटा. एकालाच ओढ लागते आणि तो उठून चालायला लागतो. तेवढं वाचव. विझडम सेव्ह, चुकला तर चार्म्ड (मोहात पडलेला) आणि आपल्या वेगाने घंटेकडे. दर टर्नच्या शेवटी परत सेव्ह. पहाऱ्यावरच्याचं पर्सेप्शन (चाहूल लागण्याची फेक) हुकलं तर सकाळी अंथरूण रिकामं.

दादा: आणि टेबलावर सगळ्यांना सांगायचंच नाही. ज्याचा सेव्ह चुकला त्याच्या हातात चिठ्ठी. बाकीचे गप्पा मारत राहतील.

छकुली: माझ्याकडे छोटी घंटा आहे, अगदी बारीक आवाजाची. मी आणू? पण मग मला माहीत असणार की तो येतोय.

दादा: आण. कधी वाजवायची ते मी ठरवीन. त्या रविवारी वाजेल असंही नाही.

छकुली: 😨 हे जास्त वाईट आहे.

बंड्या: माझ्या क्लेरिकचं काय ठरलं? सगळ्यांचे राक्षस झाले.

दादा: तुझंच लिहीत होतो. तू ९ टाकला होतास, +१ धरून १०. डीसी १२ केला तरी चुकलाच, तो फासा बदलणार नाही. पण विष बदलतो. तेव्हा तुझे ३१ एचपी शिल्लक होते. रविवारी सगळ्यांत आधी ४डी१०, सगळ्यांसमोर, तू स्वतः टाकायचे. ३१ च्या खाली आलं तर तू उभा आहेस, एग्झॉशनची एक पातळी घेऊन. ३१ किंवा जास्त आलं तर शून्यावर पडशील, डेथ सेव्ह (जगतो की मरतो ते ठरवणाऱ्या फेका) सुरू, आणि वहिनी शेजारीच उभी होती.

वहिनी: माझा एक स्लॉट शिल्लक आहे. पाण्याला ठेवला होता.

मामा: बघा.

वहिनी: मामा, मी त्याच्यावर वापरीन. पाणी दुसऱ्या दिवशी.

बंड्या: वहिनी, थँक्यू. दादा, ते टेबलाखालचं बोललो त्याबद्दल खरंच सॉरी.

दादा: सोड. पुढच्या वेळी मीही राक्षस पटावर ठेवायच्या आधी ताईला दाखवून घेईन.

ताई: शुक्रवारपर्यंत पाठव. रविवारी सकाळी नको.

मामा: वही मी आणतो. प्रत्येकाने आपल्या पखाली मोजून आजच इथे लिहा. माझ्या दोन.

छकुली: माझी एक.

वहिनी: तीन.

बंड्या: दोन होत्या. एक विंचवाने फोडली असं धरू का?

दादा: धर.

बंड्या: एक. आणि माझे निळे फासे?

छकुली: माझ्या पिशवीत आहेत. डी१० दोनच आहेत पण, चार लागतील.

ताई: दोन मी आणते.